आकाशाची खतावणी

नाना चौतीस वर्षे विमान चालवीत होते, आणि त्या चौतीस वर्षांचा सारा ऐवज पार्ल्यातल्या त्यांच्या घरी, देवघराखालच्या फडताळात, निळ्या कापडी बांधणीच्या सात लॉगबुकांत बसलेला आहे. तारीख, विमानाची जात, नोंदणीचा क्रमांक, कोठून निघाले, कोठे उतरले, दिवसाचे तास, रात्रीचे तास आणि सर्वांत उजवीकडे शेरा, असे रकाने. पानाच्या तळाशी बेरीज, आणि ती बेरीज पुढल्या पानाच्या माथ्यावर जशीच्या तशी ओढलेली. ज्याने जुन्या कुळकर्ण्याचे दप्तर कधी उलगडून पाहिले आहे त्याला ही शिस्त ओळखीची वाटेल. अखेरच्या पानावरची बेरीज १८,२०० तासांच्या वर गेली आहे. अहोरात्र मोजले तर माणसाच्या आयुष्याची पुरी दोन वर्षे आणि वर एक महिना, एवढा काळ हा गृहस्थ जमिनीवर नव्हताच.

गेल्या मे महिन्यात नानांची भाची फ्रँकफर्टहून आली होती. ती एका युरोपीय विमानकंपनीत केबिन क्रू आहे. रोस्टर, लेओव्हर, रात्रपाळ्या असे बोलणे चालले असता तिने फोनवर एक कागद उघडून दाखविला. तो तिच्या वार्षिक प्रारणमात्रेचा दाखला होता. सरत्या वर्षात विश्वकिरणांमुळे तिच्या शरीरास पोचलेली मात्रा २.६ मिलिसीव्हर्ट, एवढाच त्यातला मजकूर. भाचीच्या लेखी तो कागद प्राप्तिकराच्या कागदाइतकाच नीरस होता, नानांनी मात्र चष्मा पुसून तो आकडा तीनदा वाचला, आणि मग फडताळाकडे पाहून ते मला म्हणाले, "हिचे वर्षाचे तास सातशे. माझे सगळे मिळून अठरा हजार. मग माझं किती झालं?" मी विज्ञानावर अधूनमधून लिहितो, एवढ्या एका अपराधावरून तो प्रश्न माझ्याकडे वर्ग झाला, आणि त्या प्रश्नाची तड लावता लावता जे वाचावे आणि ऐकावे लागले त्यातून हा लेख झाला.

विश्वकिरणांचा शोधच मुळी उड्डाणात लागला, ही गोष्ट विमानात बसणाऱ्यांच्या सहसा ध्यानी नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी पदार्थवैज्ञानिकांना एक क्षुल्लक वाटणारा प्रश्न छळीत होता: कितीही काळजीने बंद केलेल्या विद्युत्‌दर्शकातला विद्युतभार आपोआप गळून का जातो? जमिनीतील किरणोत्सर्गी द्रव्ये हे त्याचे कारण असावे असा सर्वांचा समज होता, आणि तो खरा असेल तर उंच जावे तसतशी ही गळती कमी व्हावयास हवी होती. १९१० साली थिओडोर वुल्फ नावाच्या जेझुइट पाद्र्याने आपले उपकरण आयफेल मनोऱ्यावर नेले, तो गळती कमी झाली खरी, परंतु अपेक्षेइतकी नव्हे. तेव्हा व्हिक्टर हेस या ऑस्ट्रियन तरुणाने बलूनचा मार्ग पत्करला. १९१२ सालच्या त्याच्या सात उड्डाणांपैकी एक १७ एप्रिलच्या खंडग्रास सूर्यग्रहणात झाले. सूर्य झाकला गेला तरी गळती घटली नाही, म्हणजे तिचे मूळ सूर्यात नव्हते. मग ७ ऑगस्टला सकाळी बोहेमियातील आउसिग गावाहून हायड्रोजनने भरलेले बलून घेऊन तो दोघा सोबत्यांसह निघाला, पाच हजार तीनशे मीटरांच्या आसपास चढला, आणि दुपारपर्यंत बर्लिनजवळ उतरला. त्या उंचीवर गळती जमिनीवरच्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढलेली होती. वरून काहीतरी येत होते. त्या 'काहीतरी'ला विश्वकिरण हे नाव पुढे १९२५ साली मिलिकनने दिले, आणि हेसला नोबेल पारितोषिक मिळावयास १९३६ साल उजाडले.

मला या वृत्तांतात गंमत वाटते ती अशी, की त्या सकाळी पाळण्यात बसलेली ती तीन माणसे विश्वकिरणांची उंचीवरची मात्रा मोजीत गेलेल्या पहिल्या माणसांपैकी होत. ते मोजीत होते हवेला. स्वतःला मोजावे हे त्यांच्या मनात येण्याचे कारण नव्हते. पुढे अर्धशतक हेच चालले.

हे किरण म्हणजे वस्तुतः किरण नव्हेत. ते बहुतांशी प्रोटॉन, थोडी हेलियमची केंद्रके आणि अल्पस्वल्प जड अणूंची केंद्रके असे कण आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे आपल्या आकाशगंगेत केव्हातरी फुटलेल्या अतिनवताऱ्यांच्या आघाततरंगांत वेग पावलेले असावेत, असे मानले जाते. असा एखादा कण वातावरणाच्या माथ्यावर हवेच्या अणूवर आदळला की त्या आघातातून नवे कण निघतात, ते खालच्या अणूंवर आदळतात, त्यांतून आणखी निघतात, आणि अशा रीतीने एका कणाचे पर्यवसान एका वर्षावात होते. या वर्षावाच्या इलेक्ट्रॉन-भागाचे गणित १९३७ साली दोघांनी मांडले. त्यांतले एक हाइटलर, आणि दुसरे होमी भाभा. जमिनीपासून सुमारे वीस किलोमीटरांवर हा वर्षाव सर्वांत दाट असतो. तेथून खाली हवाच त्याला गिळीत जाते. समुद्रसपाटीवर आपल्या वाट्याला ताशी मायक्रोसीव्हर्टचा काही शतांश भागच येतो. जेट विमान ज्या दहा-बारा किलोमीटरांवर तासन्‌तास राहते तेथे हीच मात्रा मार्गाप्रमाणे ताशी दोनपासून सात मायक्रोसीव्हर्टांपर्यंत जाते. आणि विमानाचा अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा या बाबतीत धोतराच्या पदराइतकाच आडोसा देतो.

'मार्गाप्रमाणे' हा शब्द वर सहज येऊन गेला, परंतु या विषयाचे सारे मर्म त्यात आहे. १९२७ साली याकोब क्ले हा डच शास्त्रज्ञ जावा आणि हॉलंड यांच्यामधील जलप्रवासात उपकरण घेऊन बसला होता, आणि विषुववृत्ताजवळ विश्वकिरण कमी पडतात असे त्याच्या ध्यानात आले. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हे एका परीने जकातनाक्यासारखे आहे. बाहेरून येणारा विद्युतभारित कण त्या क्षेत्रात वळविला जातो, आणि पुरेसे बळ गाठीशी नसेल तर आल्या वाटेने परतविला जातो. मात्र हा नाका सर्वत्र सारखा कडक नाही. ध्रुवांपाशी क्षेत्ररेषा सरळ खाली उतरतात, तेथे दार सताड उघडे; विषुववृत्ताकडे त्या आडव्या होतात, तेथे पहारा जबर. या पहाऱ्याचे माप गिगाव्होल्ट या एककात काढतात. ध्रुवांवर ते जवळजवळ शून्य असते, आणि दक्षिण भारतावर सुमारे सतरा, म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरील जवळपास सर्वांत वरचे. आपल्या डोक्यावरचे आकाश जगातल्या सर्वांत बंदोबस्ताच्या आकाशांपैकी एक आहे, आणि विश्वकिरणांच्या संशोधकांना हा देश प्रिय वाटण्याचे तेही एक कारण होते. मिलिकन आपले बलून घेऊन १९३९-४० च्या हिवाळ्यात बंगळूर, आग्रा आणि पेशावर येथे आला होता. आणि युद्धाच्या धामधुमीत बंगळुरास असलेल्या भाभांनी आपली उपकरणे विमानातून तीस हजार फुटांपर्यंत चढवून मोजमापे घेतली होती. विश्वकिरणांचा हा अभ्यासक २४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनगंगा' नावाच्या बोइंग ७०७ विमानातून जात असता माँ ब्लाँ पर्वतावर कोसळला. त्या दिवशी एकशे सतरा माणसे गेली. नानांची पहिली नोंद त्याच वर्षीच्या डिसेंबरातली आहे.

जेट विमाने येईपर्यंत या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व नव्हते, कारण पंख्यांची विमाने उडतच खालून, आणि उंची दीड-दोन हजार मीटरांनी वाढली की मात्रा अदमासे दुप्पट होते. १९४८च्या जूनमध्ये मुंबईहून लंडनला गेलेल्या 'मलबार प्रिन्सेस'चे कर्मचारी आणि १९६० साली न्यूयॉर्कपर्यंत जेट नेणारे कर्मचारी हे आकाशाच्या दोन वेगळ्या मजल्यांवर नोकरी करीत होते असे म्हटले तर वावगे होणार नाही. तरीही तीस वर्षे हा विषय तज्ज्ञांच्या टिपणांत राहिला. आंतरराष्ट्रीय प्रारणसंरक्षण आयोगाने १९९० सालच्या आपल्या शिफारशींत जेट विमानांवरील कर्मचाऱ्यांना विश्वकिरणांपासून पोचणारी मात्रा ही व्यवसायजन्य मात्रा समजावी असे प्रथम स्पष्ट म्हटले. म्हणजे क्ष-किरणांच्या खोलीत काम करणारा तंत्रज्ञ, अणुभट्टीवरचा कामगार आणि चहाची गाडी ढकलीत जाणारी हवाई सुंदरी ही तिघेही एकाच सदरात आली. युरोपीय समुदायाने मे १९९६ मध्ये तसे निर्देश काढले आणि सदस्य राष्ट्रांना त्यांच्या अंमलासाठी मे २००० पर्यंतची मुदत दिली: वर्षाला १ मिलिसीव्हर्टहून अधिक मात्रा संभवत असेल तर कंपनीने ती आजमावावी, अधिक मात्रा घेणाऱ्यांच्या पाळ्या अशा लावाव्यात की ती उतरेल, आणि कर्मचाऱ्यास हे सारे समजावून सांगावे.

येथे एक अडचण उभी राहिली. मुंबईच्या कोणत्याही मोठ्या इस्पितळात क्ष-किरण विभागातील माणसाच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. त्यात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडविलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात, त्या तिमाहीअखेर परत जातात, तापविल्या जातात, आणि त्यांतून निघणाऱ्या प्रकाशावरून त्या माणसाच्या नावे मात्रा मांडली जाते. तोच बिल्ला वैमानिकाच्या गणवेशाला लावला की काम भागावे, असे मलाही प्रथम वाटले होते. भागत नाही. विमानाच्या उंचीवरच्या मात्रेपैकी जवळजवळ निम्मी न्यूट्रॉनांची असते, आणि तेही अतिऊर्जेचे. इस्पितळातला बिल्ला त्यांना नीट ओळखत नाही. त्यांना ओळखणारे उपकरण म्हणजे शरीराच्या ऊतीशी तुल्य अशा प्लास्टिकचे पोकळ गोल भांडे, आत इतका विरळ वायू की त्यातून जाणाऱ्या कणाला आपण ऊतीच्या एका सूक्ष्म कणिकेतून जात आहोत असे वाटावे. ते नाजूक, महाग आणि ठेवायला अवजड. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या गळ्यात ते बांधता येत नाही.

म्हणून येथे मोजणी मागे पडली आणि हिशेब पुढे आला. हा हिशेब शक्य आहे, कारण विश्वकिरणांचा पाऊस जगभर, क्षणोक्षणी, बऱ्यापैकी नियमाने पडतो. उंची, अक्षांश-रेखांश आणि सूर्याची त्या महिन्यातली प्रकृती, एवढे तीन ऐवज हाती आले की आकाशाच्या त्या बिंदूवरची मात्रा गणिताने काढता येते, आणि उड्डाणाच्या मार्गावर ती मिनिटामिनिटाला मांडून बेरीज केली की त्या फेरीची मात्रा निघते. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाच्या ओक्लाहोमा सिटीतील वैद्यकीय संस्थेने याकरिता 'कारी' नावाची आज्ञावली रचली, जर्मनांनी 'एपकार्ड', फ्रेंचांनी 'सीव्हर्ट', जपान्यांनी 'जिस्कार्ड'. त्यांची परीक्षा व्हावी म्हणून उपकरणे विमानांतून पाठविली गेली. आणि त्या उपकरणांची परीक्षा जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत, कणांचा झोत तांब्याच्या ठोकळ्यावर आदळवून, काँक्रीट आणि लोखंडाच्या आडोशापलीकडे विमानाच्या उंचीवरच्यासारखे मिश्र प्रारण निर्माण करून घेतली गेली. गणित आणि मोजमाप यांचा मेळ सामान्यतः वीस-तीस टक्क्यांच्या आत बसतो. सराफकट्ट्यावर हा फरक चालणार नाही; प्रारणसंरक्षणात तो चांगला समजतात.

आपल्या जुन्या हिशेबपद्धतीत दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार जसे घडतील तसे पडत. खतावणीत तेच व्यवहार एकेका असामीच्या नावे उचलून मांडले जात. जर्मनीत २००३च्या ऑगस्टपासून जे चालले आहे ते थेट हेच आहे. विमानांच्या फेऱ्या ही रोजकीर्द. कोण कोणत्या फेरीवर होता हे रोस्टर सांगते. आज्ञावली प्रत्येक फेरीला आकडा लावते. आणि तो आकडा कर्मचाऱ्याच्या नावे चढून अखेर म्युनिकजवळच्या मध्यवर्ती प्रारण-नोंदणी दप्तरात जमा होतो. सुमारे चाळीस हजार माणसांची खाती तेथे आहेत. वर्षाची सरासरी दोन मिलिसीव्हर्टांच्या आसपास पडते, आणि एकंदर मात्रेची बेरीज पाहता हा वर्ग त्या देशातल्या सर्वाधिक प्रारण घेणाऱ्या व्यवसायांत मोडतो. अमेरिकेत अशी सक्ती नाही, सल्ला आहे. पण तेथील एका राष्ट्रीय मंडळाच्या अहवालात विमान-कर्मचाऱ्यांची सरासरी वर्षाला ३.०७ मिलिसीव्हर्ट दिलेली आहे, आणि त्याच कोष्टकात अणुवीजकेंद्रांतल्या कामगारांची १.८७. अणुवीजकेंद्राच्या फाटकावर जेवढे फलक असतात त्यांच्या शतांशाने विमानतळाच्या कर्मचारीद्वारावर नसतात, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

मार्गाचा प्रभाव किती, याचे एक उदाहरण जर्मन कोष्टकांतूनच देतो. फ्रँकफर्ट–सिंगापूर आणि फ्रँकफर्ट–सॅन फ्रान्सिस्को या दोन्ही फेऱ्या सारख्याच लांब, अकरा-बारा तासांच्या. पहिलीत मात्रा २८ ते ५० मायक्रोसीव्हर्ट. दुसरीत ४५ ते ११०. पगाराच्या चिठ्ठीवर दोन्ही फेऱ्यांचे तास सारखेच लागतात.

सॅन फ्रान्सिस्कोचे नाव निघाले म्हणून येथे एका उड्डाणापाशी थांबतो. ९ जानेवारी २०२१ रोजी रात्री तेथून एअर इंडियाचे बोइंग ७७७ निघाले ते उत्तर ध्रुवावरून येऊन ११ तारखेच्या पहाटे बंगळुरास उतरले. कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या तिघी सहकारी, असा चालककक्षात सर्व महिलांचा ताफा होता, आणि सुमारे सतरा तासांच्या त्या प्रवासाचे देशभर कौतुक झाले, ते योग्यच होते. मला त्या उड्डाणात दिसते ते आणखी एक. चुंबकीय पहारा जेथे शून्य आहे त्या टोकावरून निघून, पहारा सतरा गिगाव्होल्टांचा आहे त्या टोकापर्यंत, म्हणजे पृथ्वीच्या आकाशाचा सारा उतार त्या विमानाने एका रात्रीत पार केला. पूर्वार्धात ताशी जेवढी मात्रा, त्याहून बरीच कमी अखेरच्या टप्प्यात. अरबी समुद्र डावी-उजवीकडे कोठेतरी आला की आपण स्वगृहाच्या छपराखाली आलो, असे कोणाला वाटले तर ते काव्य ठरणार नाही. एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. ध्रुवबिंदू स्वतः काही विशेष घातक नाही. कॅनडाच्या मध्यावर आणि ध्रुवावर रोजची मात्रा जवळजवळ तितकीच, कारण पहारा एका मर्यादेखाली उतरल्यावर जे दुर्बळ कण आत शिरतात ते वरची हवाच शोषून घेते. ध्रुवमार्गाची खरी भीती रोजच्या पावसाची नसून सौर वादळाची आहे.

सूर्याची वागणूक या प्रकरणात दुटप्पी आहे. अकरा वर्षांच्या चक्रात त्याच्यावर डाग वाढतात तेव्हा त्याच्या चुंबकीय वाऱ्याने तो बाहेरच्या विश्वकिरणांना परतवितो, आणि विमानातली मात्रा घटते. तो शांत असतो तेव्हा ती वाढते. पण त्याच खवळलेल्या काळात क्वचित तो स्वतःच कणांचा असा लोट सोडतो की जमिनीवरची उपकरणेही उसळावीत. २३ फेब्रुवारी १९५६चा लोट या मोजणीच्या इतिहासातला सर्वांत मोठा मानतात. आकाशात तेव्हा जेटची वर्दळ नव्हती. 'काँकॉर्ड' विमान साठ हजार फुटांवर उडे, म्हणून त्याच्या चालककक्षात प्रारणाचे मापकच बसविले होते. हिरवा, पिवळा, तांबडा असे त्याचे इशारे, आणि तांबड्यावर काटा गेला तर विमान खाली उतरविण्याची आज्ञा. प्रवासी विमानात असे मापक ठेवण्याची ती चाल १९७६ ते २००३ एवढी सत्तावीस वर्षे टिकली आणि काँकॉर्डबरोबर निवृत्त झाली. योगायोग असा, की काँकॉर्डचे अखेरचे प्रवासी उड्डाण २४ ऑक्टोबर २००३ला झाले आणि त्यानंतर चारच दिवसांनी सूर्याचा असा उद्रेक झाला की अमेरिकी प्रशासनाला पंचवीस हजार फुटांवरील विमानांसाठी प्रारणाचा इशारा काढावा लागला. नोव्हेंबर २०१९ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने नेमलेली केंद्रे असे इशारे रीतसर देतात: ताशी ३० मायक्रोसीव्हर्टांवर मध्यम, ८० वर तीव्र.

या संदर्भात अगदी अलीकडची एक हकिकत नमूद करावीशी वाटते. २०२५च्या ऑक्टोबरअखेर अमेरिकेच्या एका ए-३२० विमानाने आपणहून एकाएकी उंची सोडली, काही प्रवासी जखमी झाले, आणि तीव्र सौर प्रारणाने उड्डाण-नियंत्रणाच्या संगणकातील माहिती बिघडू शकते असे एअरबसने नोव्हेंबरात जाहीर करताच जगभरची सुमारे सहा हजार विमाने, आपल्याकडचीही शेकड्यांनी, दुरुस्तीसाठी घेतली गेली. बहुतेकांचे काम दोन-तीन दिवसांत उरकले. यंत्राच्या स्मृतीवर एका कणाने ओरखडा काढला तर एवढी तातडी होते हे योग्यच. आत बसलेल्या पेशीवर तोच कण ओरखडा काढतो त्याची खबर मात्र वर्षाअखेरच्या आकड्यातच घ्यावयाची.

त्या ओरखड्याचा अर्थ काय, हा प्रश्न नानांनी विचारला नाही, पण तो त्यांच्या प्रश्नाच्या पोटात होता. या ठिकाणी घाबरविणे सोपे आणि धीर देणे त्याहून सोपे. म्हणून आकडे जसेच्या तसे ठेवतो. साधारण माणसाला निसर्गातून, म्हणजे माती, हवा, अन्न आणि आकाश मिळून, जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. विमान-कर्मचाऱ्याचे दोन-तीन त्याखेरीज. व्यावसायिकांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने तर कोणत्याही एका वर्षात ३० हून अधिक नको अशी आणखी एक अट घातली आहे. विमानातला माणूस या मर्यादेच्या आसपासही फिरकत नाही. वर्षाला ३ प्रमाणे तीस वर्षांची नोकरी म्हणजे ९० मिलिसीव्हर्ट, आणि प्रारणसंरक्षण आयोगाच्या सर्वसाधारण गुणकाने त्यापासूनचा आजन्म जादा धोका शेकडा अर्ध्याहून किंचित कमी. २०१८ साली हार्वर्डच्या संशोधकांनी ५,३६६ अमेरिकी केबिन-कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत स्तनाचा कर्करोग आणि त्वचेचे कर्करोग सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक आढळले. परंतु रात्रीअपरात्रीच्या पाळ्या, शरीराच्या घड्याळाची होणारी मोडतोड, परक्या किनाऱ्यांवरचे ऊन, उशिरा झालेली बाळंतपणे, असे इतके धागे त्या आयुष्यात एकत्र पिळलेले असतात की त्यांतून विश्वकिरणांचा धागा अलग काढणे अजून कोणाला साधलेले नाही.

एका बाबतीत मात्र संदिग्धतेला जागा नाही, आणि ती बाब गर्भाची. गर्भावस्था जाहीर झाल्यापासून उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसीव्हर्टहून अधिक मात्रा पोचू नये, असा संकेत आहे. लांब पल्ल्याच्या उत्तरेकडील मार्गावर ताशी पाच मायक्रोसीव्हर्ट धरले तर ही मर्यादा दोनशे तासांत भरते, म्हणजे नेहमीच्या रोस्टरवर अडीच-तीन महिन्यांत. आपल्याकडे एअर इंडियाच्या सेवानियमांत हवाई सुंदरीला पहिल्या गर्भारपणीच नोकरी सोडावी लागे. १९८१ साली नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्दबातल ठरविले. स्त्रीला नोकरीवरून काढणे आणि गर्भाच्या मात्रेसाठी तिला काही महिने जमिनीवरचे काम देणे, या दोहोंत जे अंतर आहे ते कायद्याला गाठावयास वेळ लागतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी लॅपटॉप घेऊन पार्ल्याला गेलो, आणि नाना आणि मी वह्या घेऊन बसलो. प्रत्येक ओळ घालणे शक्य नव्हते; आम्ही प्रत्येक वहीतून नमुन्याची पाने निवडली, नाना उंची आठवून सांगत, मी मार्ग, महिना आणि तास भरी. लंडन–मुंबईची एक फेरी पंचवीस मायक्रोसीव्हर्टांच्या आसपास येई, आखाताची एखादी फेरी सात-आठ. चौथ्या दिवशी आम्ही गुणाकार करून आलो ते पंचावन्न ते साठ मिलिसीव्हर्टांच्या दरम्यान. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे फार नाही." आणि थोड्या वेळाने, "पण होतं."

चहा घेऊन काकू बाहेर आल्या होत्या. काकूही अकरा वर्षे उडाल्या, १९६८ ते १९७९, आणि नानांशी त्यांची ओळख तेथलीच. "माझं काढा की," त्या म्हणाल्या. नानांनी चष्मा काढला. वैमानिकाला लॉगबुक ठेवावेच लागते, त्याचा परवाना त्यावर असतो. केबिनमध्ये काम करणाऱ्यांना त्या काळी तसले काही ठेवावे लागत नसे. रोस्टरचे कागद महिना सरला की रद्दीत जात. कर्मचाऱ्यांचा प्रवास सामायिक यादीवर होई, म्हणून पासपोर्टही बहुतेक कोरे. जर्मनीत सुरू झालेली खतावणी पन्नास वर्षे मागे नेता येते ती नानांसारख्यांची. काकूंच्या खात्याला रोजकीर्दच नाही. नानांच्या वह्यांतून दोघे एकत्र असलेली उड्डाणे तेवढी निघाली. ती नऊ होती. तारखा काकूंना तोंडपाठ होत्या, नानांना वहीत पाहाव्या लागल्या.

"थांबा हं," असे म्हणून काकू आत गेल्या आणि कपाटाच्या माथ्यावरून एक तार घेऊन आल्या, जुन्या घरांत दाराआड टांगलेली असे तशी, खाली लाकडाची चकती आणि वर आकडा, आणि तिच्यात गच्च ओवलेली पत्रे. प्रत्येक मुक्कामाहून त्या आईला वाईस पत्र पाठवीत, आणि आईने एकही पत्र टाकून दिले नव्हते. पोचेल तसे तारेत ओवले होते, जुने तळाशी, नवे वर. हॉटेलांचे छापील कागद, माथ्यावर शहराचे नाव, उजवीकडे तारीख. रोमहून, टोकियोहून, न्यूयॉर्कहून. ती तार रिकामी करावयास बराच वेळ लागला, कारण काकू मधूनच एखादे पत्र वाचीत बसत. अखेर चकतीवरचे सर्वांत जुने पत्र निघाले; भोकाभोवती गंज उतरलेला. नानांनी आठव्या, कोऱ्या वहीचे पहिले पान उघडले, पेन्सिलीने रकाने आखले आणि विचारले, "तारीख?"

"चौदा नोव्हेंबर अडुसष्ट," काकू म्हणाल्या. "नैरोबी."

मी मार्ग भरला. विषुववृत्ताजवळचा, दहा-बाराच्या वर आला नाही.